पेन्शन बँकेत येते, पण देतं कोण? हयातीच्या दाखल्याच्या एका शिबिराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी निवृत्त कर्मचाऱ्यांचा एक संघ आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत. संघात सगळ्या खात्यांची सरमिसळ आहे. महसूल आणि पाटबंधारे खात्यातले कारकून आहेत, एसटीचे चालक-वाहक आहेत, साखर कारखान्यात बॉयलरवर आयुष्य काढलेले कामगार आहेत. सैन्यातून हवालदार, सुभेदार होऊन परतलेले बरेच आहेत, रेल्वेतले दोघे-तिघे आहेत, आणि या सगळ्यांच्या माघारी पेन्शन घेणाऱ्या बायका आहेत. सभासदांचं सरासरी वय सत्तरीच्या पुढे. खिशात मोबाइल सगळ्यांच्या, पण त्यात काय चाललंय ते नातवाला माहीत.

नोव्हेंबर आला की यातल्या बहुतेकांना हयातीचा दाखला, म्हणजे आपण जिवंत असल्याचा पुरावा, द्यावा लागतो. राज्य सरकारच्या निवृत्तांसाठी जुनी पद्धत आजही चालू आहे. कोषागारातून, म्हणजे सरकारी तिजोरीच्या कार्यालयातून, बँकेच्या शाखेत यादी येते, आपल्या नावासमोर सही किंवा अंगठा करायचा, संपलं. यापेक्षा सोपी यंत्रणा मला तरी माहीत नाही. पण त्यासाठी त्या शाखेत जावं लागतं. ज्यांचा मुलगा पिंपरी-चिंचवडला आहे आणि जे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्याच्याकडेच असतात, किंवा जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांचं काय? त्यांच्यासाठी डिजिटल दाखला सोयीचा. केंद्र सरकारनं ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू केली. तेव्हा यंत्रावर बोटाचा किंवा डोळ्याच्या बुबुळाचा ठसा द्यावा लागे. उसाच्या फडात आणि भांडी-धुण्यात झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटतच नसत. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आली आणि घरच्या मोबाइलवर काम होऊ लागलं.

संघानं २०२३ च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा शिबिर घेतलं. मंदिराच्या सभामंडपात चार टेबलं, वायफायसाठी शेजारच्या दुकानदाराचा पासवर्ड, आणि मोबाइल हाताळायला गावातल्या कॉम्प्युटर क्लासचा तरुण चालक आणि त्याचे विद्यार्थी. साठ-सत्तर जणांचे दाखले एका रविवारी निघाले. प्रत्येकाच्या मोबाइलवर ‘प्रमाण आयडी’, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, असलेला मेसेज आला. चहा झाला, फोटो निघाले.

अडचण

जानेवारी उजाडला तेव्हा काहींच्या खात्यात पेन्शन आली नव्हती. आधी दोघांनी फोन केला, मग पाच-सहा जण थेट अध्यक्षांच्या दारात. यात एक एसटीचे वाहक होते, एक माजी हवालदार, आणि कारखान्यातल्या कामगाराच्या विधवा पत्नी. या बाईंची पेन्शन जेमतेम हजाराच्या वर. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ खाली २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरलेली आहे. रक्कम छोटी असली तरी औषधाचा खर्च तिच्यावरच चालतो.

सगळ्यांचं म्हणणं एकच: “दाखला निघाला होता की. हा बघा मेसेज.”

मेसेज खरा होता. दाखला तयार झाला होता, पण पुढे नाकारला गेला होता. तयार होणं आणि स्वीकारलं जाणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दाखला तयार झाला की प्रमाण आयडी मिळतो. तो दाखला मग पेन्शन वाटणाऱ्या कार्यालयाकडे जातो, आणि ते कार्यालय आपल्या नोंदीशी ताडून तो घेतं किंवा परत फिरवतं. भरलेली माहिती चुकीची असेल तर दाखला फेटाळला जातो आणि नव्यानं काढावा लागतो. दाखल्याची स्थिती प्रमाण आयडी टाकून पाहता येते. पण पाहायची असते हे कुणाला ठाऊक असेल तर ना.

मग चुकलं काय होतं? फॉर्ममध्ये एक रकाना आहे, ‘डिसबर्सिंग एजन्सी’. म्हणजे पेन्शन वाटणारी संस्था. टेबलावरच्या मुलानं विचारलं, “आजोबा, पेन्शन कुठं येते?” आजोबा म्हणाले, “बँकेत.” त्यानं यादीतून त्या बँकेचं नाव निवडलं. उत्तर शंभर टक्के खरं आणि फॉर्मसाठी शंभर टक्के चूक. एसटी आणि कारखान्यातल्या लोकांना पेन्शन देते भविष्य निर्वाह निधी संघटना. बँक फक्त खातं सांभाळते. राज्य सरकारच्या माणसाला देतं कोषागार. माजी सैनिकांचं तर मध्येच बदललं. पूर्वी त्यांची पेन्शन बँकेमार्फत वाटली जायची, नंतर बहुतेकांची खाती संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या प्रणालीत गेली. पैसे त्याच बँकेत, त्याच पासबुकात येत राहिले, म्हणून काही बदललंय असं वाटायला कारणच नव्हतं.

गंमत म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेल्यांचे दाखले बिनबोभाट पार पडले, कारण त्यांच्या बाबतीत वाटप खरोखरच बँकेच्या पेन्शन केंद्रातून होतं. आणि क्लासचालकाचे वडील रेल्वेत होते. त्यानं शिबिराच्या आदल्या आठवड्यात घरी वडिलांवर चाचणी घेतली, ती यशस्वी झाली, आणि तोच नमुना त्यानं विद्यार्थ्यांना घोटून दिला.

राज्य सरकारचे बरेच निवृत्त मात्र वाचले. त्यांचेही दाखले चुकीच्या जागी गेले होते. पण “मोबाइलचं काय खरं नाही” म्हणत ते सवयीनं बँकेत जाऊन यादीवर सहीही करून आले होते. म्हणजे ज्यांनी नव्या पद्धतीवर पूर्ण विश्वास टाकला तेच अडकले. संघाच्या बैठकीत ही गोष्ट कुणीतरी हसत हसत बोलून दाखवली, पण हसण्यासारखी ती नव्हती.

अडकलेल्यांचे दाखले योग्य नोंदीनं पुन्हा काढले आणि दीड-दोन महिन्यांत थकबाकीसह पैसे आले. खरा प्रश्न पुढच्या नोव्हेंबरचा होता.

समोर असलेले पर्याय

फेब्रुवारीतल्या बैठकीत दोन तट पडले. मी तिथं निमंत्रित म्हणून होतो.

एका बाजूला निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं म्हणणं, लोकांना शब्द शिकवा. “आपल्याला सातबारा वाचायला कुणी शाळेत शिकवलं होतं? फेरफार, खातेफोड, आणेवारी, सगळं येतं ना गावातल्या निरक्षर माणसाला? गरज पडली की माणूस शिकतो. इंग्रजी शब्द आहे म्हणून घाबरायचं काय कारण?” हा मुद्दा हलका नाही. जमिनीच्या कागदातली भाषा सुलतानी, मराठेशाही, इंग्रजी अशा तीन राजवटींचं ओझं वाहते, तरी शेतकरी ती कोळून प्यायलेला असतो, कारण एका शब्दावर बांध जातो किंवा राहतो.

दुसऱ्या बाजूला क्लासचालक. तो म्हणाला, “सर, आजींना आरडी सर्व्हिस म्हणजे काय हे कळून काय करायचंय? आम्ही करून देतो. दाखला निघाल्याशी मतलब.”

सर म्हणाले, “निघाला होता की. सगळ्यांचा निघाला होता.”

यावर काही क्षण कुणी बोललं नाही. क्लासचालकाचा हेतू चांगलाच होता आणि रविवार त्यानं फुकट घालवला होता, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण सरांच्या त्या वाक्यात प्रकरणाचं मूळ होतं. पहिल्या शिबिरात तंत्रज्ञान सोपं झालंच नव्हतं. अवघड भाग फक्त म्हाताऱ्यांच्या नजरेआड गेला होता. फॉर्म तेवढाच किचकट होता, तो भरणारा हात तेवढा बदलला. आणि त्या हाताला पेन्शनमधलं काही कळत नव्हतं. ज्याला मोबाइल कळतो त्याला कोषागार माहीत नाही. ज्याला कोषागार माहीत आहे त्याच्यापुढे मोबाइल नाही.

आणखी पर्याय चर्चेत आले. डिजिटल सोडून द्यायचं आणि सगळ्यांना बँकेत पाठवायचं, हा अध्यक्षांचा. तो बाहेरगावी राहणाऱ्यांमुळे मागे पडला. पोस्टमनला घरी बोलवायचं, हा दुसरा. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेतर्फे तेव्हा ७० रुपयांत पोस्टमन यंत्र घेऊन घरी येई आणि दाखला काढून देई. अंथरुणावरच्या सभासदांसाठी तो लगेच मान्य झाला. पण पोस्टमनलाही तोच फॉर्म भरायचा असतो, तेव्हा पेन्शन देतं कोण हे सांगायची वेळ तिथंही येणारच.

मुख्याध्यापकांच्या पर्यायाची चाचणीही झाली. मार्चमध्ये त्यांनी फळ्यावर दहा-बारा शब्द लिहून तासभर समजावले: ऑथेंटिकेशन, ऑपरेटर, सँक्शनिंग ऑथॉरिटी, डिसबर्सिंग एजन्सी, फेस आरडी, असे. शिकवण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नाही. पुढच्या महिन्यात विचारलं तेव्हा सुभेदार सोडून कुणाला फारसं आठवत नव्हतं, आणि सुभेदारांनी वहीत लिहून घेतलं होतं. सातबाराचं उदाहरण इथं अपुरं पडतं ते यामुळे. सातबारा वर्षभर या ना त्या कामाला हातात येतो, पीककर्जाला, वाटणीला, भांडणाला. हा फॉर्म वर्षातून एकदा, पाच मिनिटांसाठी. वर्षभर न लागणारा शब्द सत्तरीत डोक्यात टिकवायचा म्हणजे कष्ट फार, पदरात काही नाही.

कोंडी फोडली कोषागारातून निवृत्त झालेल्या एका लेखा लिपिक बाईंनी. संघात सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्या म्हणाल्या, “सगळे शिकवू नका आणि सगळे लपवूही नका. शब्दांचे दोन ढीग करा. पेन्शन बंद झाली म्हणून मी खिडकीवर गेले, तर आतला माणूस मला कुठला शब्द विचारेल? तो शिकायचा. जो शब्द फक्त मोबाइलच्या पडद्यावर आहे, तो आपल्या पोरांनी बघायचा.”

काय केलं

मॅडम, सर आणि क्लासचालक तिघे बसले आणि फॉर्ममधला एकेक शब्द या प्रश्नापुढे उभा केला.

‘ऑपरेटर ऑथेंटिकेशन’ पहिल्याच फेरीत बाद झाला. ॲप पहिल्यांदा उघडलं की ते आधी ‘ऑपरेटर’ची ओळख पटवून मागतं, त्याचा आधार क्रमांक, मोबाइल, ई-मेल आणि चेहरा. मग पेन्शनरची. पेन्शनर स्वतःच्या मोबाइलवर स्वतःचाच दाखला काढत असेल तर तोच ऑपरेटर आणि तोच पेन्शनर, म्हणून चेहरा दोनदा दाखवायचा. पाटबंधाऱ्यातले एक तात्या घरी हे करायला बसले होते. पहिल्यांदा चेहरा दाखवून हिरवं वर्तुळ आल्यावर काम झालं समजून त्यांनी मोबाइल ठेवून दिला. अशा शब्दानं म्हाताऱ्याच्या हाती काही लागत नाही.

‘फेस आरडी’ही तसाच. चेहरा ओळखणारं आधारचं हे दुसरं ॲप वेगळं उतरवून घ्यावं लागतं, आणि उतरवल्यावर पडद्यावर त्याचं चिन्हच दिसत नाही, कारण ते आतून चालणारं आहे. लोक शोधत बसतात, सापडत नाही म्हणून पुन्हा उतरवायला जातात. इथं शिकवायचं काहीच नाही. मोबाइल आदल्या दिवशी पोरांनी तयार ठेवायचे, एवढंच.

‘सँक्शनिंग ऑथॉरिटी’ (पेन्शन मंजूर करणारं कार्यालय) आणि ‘डिसबर्सिंग एजन्सी’ यांच्यावर मात्र घासाघीस झाली. मॅडमच्या कसोटीनं हे शब्द खिडकीवर येतात. पण त्यांचं उत्तर पेन्शनरकडून थेट मागितलं तर चुकतं, हे वर्षापूर्वी सिद्ध झालंच होतं. तेव्हा प्रश्नच बदलला. टेबलावर “पेन्शन कुठं येते?” असं विचारायचं नाही. “नोकरी कुठं केलीत?” असं विचारायचं. याचं उत्तर कुणी चुकत नाही. उलट थांबवावं लागतं, कारण एसटीतला माणूस डेपोपासून सुरुवात करतो. नोकरीवरून वाटणारी संस्था कोणती, याचा तक्ता मॅडमनी केला आणि प्रत्येक टेबलाला चिकटवला. एसटी, कारखाना: भविष्य निर्वाह निधी. राज्य सरकार: कोषागार, आणि त्यातही कुठल्या जिल्ह्याचं, कारण बदलीच्या गावाहून निवृत्त झालेल्यांचं कोषागार सातारा असेलच असं नाही. सैन्य: स्पर्श. रेल्वे: बँक. जिल्हा परिषदेतल्या निवृत्त शिक्षकांचा मार्ग आणखी निराळा निघाला, तेव्हा त्यांना त्या वर्षी शिबिरात न घेता पंचायत समितीकडे चौकशीला पाठवलं. तक्त्यात बसत नाही त्याला तक्त्यात कोंबायचं नाही, हे मॅडमचं म्हणणं.

दुसरा प्रश्न पेन्शनच्या प्रकाराचा. ‘सर्व्हिस’ की ‘फॅमिली’ असं विचारलं की बायका “फॅमिली” म्हणत, कारण कुटुंब तर सगळ्यांनाच आहे. आता विचारायचं, “पेन्शन तुमच्या स्वतःच्या नोकरीची की मालकांच्या माघारी मिळते?”

आणि मग तो रकाना, ज्यावर सगळे अडखळत होते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या व्यक्तीनं पुनर्विवाह केला आहे का, हे फॉर्म विचारतो. पहिल्या शिबिरात एकोणीस-वीस वर्षांची पोरं समोरच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींना हे विचारायला लाजली आणि परस्पर ‘नाही’ दाबून मोकळी झाली. कुणाचं नुकसान झालं नाही. पण ते आजींच्या नावावरचं निवेदन आहे, त्याला कायद्यानं अर्थ आहे, आणि दुसऱ्यानं न विचारता भरायची ती गोष्ट नाही. क्लासचालकाचं मत होतं, उगाच कशाला विचारायचं, सगळ्यांचं उत्तर ठरलेलं. मॅडम ठाम राहिल्या. शेवटी बायकांसाठी वेगळं टेबल ठेवलं, तिथं मॅडम आणि बचत गटातल्या दोघी बसल्या. “सरकार विचारतंय हो, आम्ही नाही” असं म्हणून प्रश्न विचारला गेला. काही जणी खळखळून हसल्या, एक रागावल्या. उत्तर मात्र प्रत्येकीनं स्वतः दिलं.

शिकायच्या ढिगात अखेर तीनच शब्द उरले. ‘पीपीओ नंबर’, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाचा क्रमांक, बहुतेकांना आधीच माहीत होता. ‘प्रमाण आयडी’. आणि दाखल्याची स्थिती: ‘स्वीकारला’ की ‘नाकारला’. प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी दिली, वर मोठ्या अक्षरात पीपीओ नंबर, खाली प्रमाण आयडीसाठी रिकामी जागा आणि त्याखाली दोन चौकोन.

चौथा शब्द सरांनी भांडून घुसवला: ओटीपी. मॅडमच्या कसोटीत तो बसत नव्हता, खिडकीवर कुणी ओटीपी विचारत नाही. सर म्हणाले, “खिडकीवरचा विचारणार नाही, पण चोर विचारेल. साहेब विचारेल तो शब्द शिकायचा, तसा चोर विचारेल तोही शिकायचा.” हयातीचा दाखला अद्ययावत करून देतो असं सांगून पेन्शनरांकडून ओटीपी काढून घेणाऱ्यांबद्दल कार्यालयांनी सावधगिरीच्या सूचना काढलेल्या आहेत. आणि आमच्या पहिल्या शिबिरात काय चाललं होतं? मुलगा विचारत होता, “आजी, आलेला नंबर सांगा,” आणि आजी तो मंडपभर ऐकू जाईल असा वाचून दाखवत होत्या. वर्षभर बँक सांगते कुणाला सांगू नका, आणि एका रविवारी संघच सांगायची सवय लावतो. नव्या पद्धतीत ओटीपी पेन्शनरनंच टाकायचा, आकडे दिसत नसतील तर सोबत आलेल्या घरच्या माणसानं. यात वेळ दुप्पट गेला. तो नियम तरी मोडला नाही.

शेवटचा बदल साधा होता, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा. शिबिरानंतर आठवडाभरानं त्याच जागी दुसरी बैठक ठेवली, फक्त स्थिती पाहण्यासाठी. चिठ्ठी आणायची, प्रमाण आयडी टाकून पाहायचं, चौकोनात खूण करायची.

काय झालं

२०२४ चं शिबिर एका दिवसात आटोपलं नाही, दोन दिवस लागले. चेहऱ्याच्या टप्प्यावर नेहमीची धांदल झाली. पडद्यावर पापणी मिटायची सूचना आली की पोरगा ओरडे, “आजोबा, डोळे मिटा, उघडा!” आजोबा घट्ट मिटत आणि उघडायचं विसरत. मंडपाच्या कडेला, जिथं मागून ऊन येत होतं, तिथं चेहरा ओळखला जाईना. टेबल फिरवून बसवल्यावर काम झालं. हे कुठल्या शब्दानं सुटणारं नव्हतं आणि कुठल्या तक्त्यानंही.

आठवड्यानंतरच्या पाहणीत बहुतेक दाखले स्वीकारलेले दिसले. जे तीन-चार अडकले त्यात एका माजी सैनिकाचा पीपीओ नंबर जुन्या कागदावरून घेतला होता, आणि एका काकूंच्या नावापुढे आधारवर ‘बाई’ होतं, पेन्शनच्या नोंदीत नव्हतं. नोव्हेंबर संपायला अवकाश होता, म्हणून दुरुस्तीला वेळ मिळाला. जानेवारीत कुणाची पेन्शन थांबली नाही.

त्या काकूंच्या बाबतीतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या भावाला घेऊन कार्यालयात गेल्या. तिथल्या लिपिकानं सवयीप्रमाणे “मावशी, दोन दिवसांनी या, बघतो” म्हटलं. काकूंनी पिशवीतून चिठ्ठी काढली आणि म्हणाल्या, “हा प्रमाण आयडी. स्वीकारलाय का नाकारलाय तेवढं आत्ता सांगा, मग दोन दिवसांनी येते.” लिपिकानं पाहिलं आणि नावातला फरक दाखवला. काकू सातवी शिकलेल्या आहेत. डिसबर्सिंग एजन्सी हा शब्द त्यांनी आजवर उच्चारलेला नाही.

मुख्याध्यापक यावर म्हणतात, शिकवलं म्हणून झालं. क्लासचालक म्हणतो, कमी शिकवलं म्हणून झालं. मला दोघांचं पटतं, पण क्लासचालकाकडे थोडा जास्त झुकतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या वर्षीच प्रत्येक खात्यातला एकेक माणूस घेऊन चाचणी केली असती, तर चूक शिबिराआधीच उघडी पडली असती. एकाच प्रकारच्या पेन्शनरवर घेतलेली चाचणी बाकीच्यांना लागू धरली, हा सगळ्यात महागात पडलेला निर्णय. आणि तो कुणी निर्णय म्हणून घेतलाच नव्हता.

दुसरं, मॅडम २०२३ मध्येही संघात होत्या. त्यांना टेबलावर न बसवता हार-तुऱ्यांच्या व्यवस्थेत ठेवलं होतं, कारण ‘मोबाइलचं काम पोरांचं’. विषय पेन्शनचा आहे आणि मोबाइल त्याचं साधन, हे उलटं धरलं गेलं.

तिसरं, भरलेल्या फॉर्मचे फोटो पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांच्या मोबाइलमध्ये राहिले होते, आधार आणि खाते क्रमांकांसकट. ते नंतर पुसून घेतले. दुसऱ्या वर्षी चिठ्ठी पेन्शनरकडेच राहील असा नियम केला. पण पहिल्या वर्षीचे सगळेच फोटो गेले का, हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

संघाच्या आवाक्याबाहेरचंही काही आहे. केंद्राच्या नागरी पेन्शनचा पीपीओ क्रमांक १२ अंकी असतो. त्यातले पहिले ५ अंक पीपीओ देणाऱ्या कार्यालयाचे, पुढचे २ वर्षाचे, मग ४ अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळणीचा. म्हणजे मंजुरी कुणी दिली हे त्या क्रमांकातच लिहिलेलं आहे, आणि तरी तेच आपण म्हाताऱ्या माणसाला यादीतून निवडायला लावतो. जी गोष्ट सरकारी नोंदीत आधीच आहे ती माणसाला विचारायची नाही, एवढं पाळलं तरी आमच्या तक्त्यातल्या निम्म्या ओळी अनावश्यक होतील. आणि दाखला तयार झाल्यावर जो मेसेज जातो त्यात ‘अजून स्वीकारलेला नाही’ एवढी एक ओळ मराठीत असती, तर पहिल्या वर्षीची निम्मी धावपळ टळली असती. संघानं ही दोन्ही मागणं पत्रानं पाठवली आहेत. उत्तर आलेलं नाही.

एक वाद अजून मिटलेला नाही. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनरांना नोव्हेंबरचं बंधन नाही. ते वर्षात कधीही दाखला देऊ शकतात आणि तो बारा महिने चालतो. मॅडमना वाटतं, त्यांना नोव्हेंबरच्या गर्दीतून काढून जूनमध्ये वेगळं बोलवावं, म्हणजे टेबलावरचा तक्ताही छोटा होईल. अध्यक्ष म्हणतात, लोकांच्या डोक्यात नोव्हेंबर पक्का बसलाय, महिना बदलला की अर्धे विसरतील. एसटी आणि कारखान्यातल्या सभासदांना पुढच्या सभेत हात वर करायला सांगायचं ठरलं आहे.